दिवा कोणी लुकलुकवायचा

परीक्षा देऊन मी गावी येऊन बसले होते, आणि बसणं ही गोष्ट मला तेव्हा जमत नव्हती, आजही जमत नाही. गोंदियाच्या पॉलिटेक्निकमधला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा उन्हाळ्यातच संपायचा होता. एक विषय अडकला, तो हिवाळ्यात पुन्हा द्यावा लागला. आता निकाल लागेपर्यंत घरी राहायचं, आईला हात द्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या "लागली का वो नोकरी?" या प्रश्नाला हसून मान हलवायची, एवढंच काम होतं. आमचं गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. बाबांचा पानठेला हायवेवर होता आणि घरामागे दीड एकर धानाची बांधी. घराच्या डाव्या भिंतीला लागून पटलेकाकांचा हलर होता, म्हणजे धान भरडायची छोटी गिरणी. नवं धान घरात आलं की हा हलर सकाळी दहाला सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. त्याची मोटर सुरू होताना आमच्या घरातले बल्ब एकदम पिवळे पडत आणि मग हळूहळू भानावर येत. मांडणीवरची ताटं थरथरत, कोंड्याची बारीक धूळ पाण्याच्या गुंडावर, अंथरुणांवर, आईच्या केसांवर बसे. त्या आवाजाची इतकी सवय होती की दुपारी जेवणासाठी हलर थांबला की आम्ही सगळे उगाच एकमेकांकडे बघायचो.

मी घरात फेऱ्या मारायची. अंगणातून स्वयंपाकघर, तिथून मागची बांधी, पुन्हा अंगण. आई चुलीवर तांदळाचे आयते, म्हणजे पातळ घावन, घालायची, सोबत सुक्या झिंग्यांची चटणी, आणि मी ते उभ्यानंच खायची. "कुंदे, खुर्चीले काटे आहेत का?" ती विचारायची. "बस ना जरा. पोट तरी समजन का काही खाल्लं म्हणून." पोस्टमन सायकलवरून दिसला की मी अंगणात धावायची, आणि तो आमच्या दारावरून पुढे गेला की राग यायचा. नागपूरच्या एका कारखान्यात मुलाखतीसाठी अर्ज टाकला होता, त्याचंही काही कळत नव्हतं. बाबा एकदोनदा लग्नाचा विषय काढून गेले होते. मला वाटायचं, हे दिवस असेच लांबत गेले तर एक दिवस मी इथलीच होऊन जाईन. इथली होण्यात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं, पण एकविसाव्या वर्षी ते कोणी सांगून पटलं नसतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी गावात कोंबड्यांची मानमोडी आली होती. आठ दिवसांत घरोघरच्या खुराड्यांत शुकशुकाट झाला. आईचं या बाबतीत गावात नाव होतं. कोणाची कोंबडी खुडूक बसली, म्हणजे उबवणीला आली, की अंडी तिच्याखाली ठेवायला आईला बोलावणं यायचं, ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी नसे त्या बाया अंडी आमच्याकडे आणून द्यायच्या आणि पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी आमची. बटईचं शेत असतं तशी ही बटईची पिल्लं. भांडण कधी झालं नाही, कारण कोणत्या अंड्यातून काय निघालं हे आई खरं सांगते यावर सगळ्यांचा भरवसा होता. अंड्याची ऊब ती पापणीवर टेकवून बघायची. डोळा मिटायचा, अंडं लावायचं, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "आहे जीव." मला लहानपणी ती जादू वाटायची आणि पॉलिटेक्निकला गेल्यावर अडाणीपणा वाटायला लागला होता.

मानमोडीनंतर अंडी देणाऱ्या थोड्या कोंबड्या वाचल्या, पण खुडूक बसेल अशी एकही राहिली नाही. आणि शेवंताकाकीकडे तर एकच कोंबडी उरली होती. शेवंताकाकी आमच्या समोरच्या ओळीत एकटी राहायची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या माहेरातून तिच्यासोबत एक कोंबडी दिली होती, उघड्या मानेची. त्या कोंबड्यांच्या मानेला पिसं नसतात, लाल मान सरळ दिसते. गावात तशी जात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्या एका कोंबडीपासून काकीनं तीस वर्षं वंश चालवला होता. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, आई नाही, भाऊ नाही. ती गमतीनं म्हणायची, "माह्या माहेराहून आता ह्या कोंबड्याच येतात मले भेटाले." त्या शेवटच्या कोंबडीनं नऊ अंडी दिली आणि मग तिला मुंगसानं नेलं. काकी ती नऊ अंडी पदरात घेऊन आईकडे आली आणि म्हणाली, "पाह्य काही करता येते का. हे गेले तं गेलंच." आई अंडी हातात घेऊन नुसती बसून राहिली. ती जिच्याखाली ठेवावी अशी कोंबडीच नव्हती.

"मी काढून देते पिल्लं," मी म्हणाले. माझ्या डिप्लोमाचा प्रोजेक्टच तसा होता: एका पेटीतली उष्णता ठरावीक ठेवणारं सर्किट. तो बोर्ड माझ्या ट्रंकेत पडून होता. सडक अर्जुनीच्या मच्छीवाल्याकडून थर्माकोलची मोठी पेटी आणली, वास जाईपर्यंत चार वेळा धुतली. आत दोन बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि उष्णता मोजणारा सेन्सर. बोर्डावरच्या चिपमध्ये मी लिहिलेला प्रोग्राम होता. तो सेन्सरला विचारायचा, किती गरम आहे, आणि त्याप्रमाणे रिलेला सांगायचा, बल्ब लाव किंवा बंद कर. रिले टक् असा आवाज करायचा. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या आणि वरून गोधडी टाकायची, ही आईची भर. बातमी पसरली आणि इतर बायाही अंडी घेऊन आल्या. प्रत्येकीची खूण वेगळी, कोणी गेरूचा ठिपका लावला, कोणी हळदीची रेघ ओढली, एकीनं तर अंड्याला टिकली चिकटवली. शेवंताकाकीच्या अंड्यांवर कोळशानं फुली होती. आमची बारा अंडी बिनखुणेची. सगळी मिळून त्रेचाळीस झाली. काकीला आईनं सांगितलं होतं, तुझ्याशी बटई नाही, निघतील ती सगळी तुझी. बाबा ठेल्यावर ट्रकवाल्यांना सांगत सुटले होते, "माही पोरगी लाइटवर पिल्लं काढून राहिली."

पेटी सुरू केली तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला, आणि नंतरच्या तीस वर्षांत कोणत्या इंजिनिअरनंही मला तो इतका नेमका विचारलेला नाही. "मले कसा समजन," ती म्हणाली, "का पेटी जित्ती आहे का मेली?" मी तिला बोर्डावरचा हिरवा दिवा दाखवला. "हा लुकलुकून राहिला ना, तोवर जित्ती. लुकलुकणं थांबलं तर मला हाक मार." झालं, त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

दिवा लुकलुकवायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे जो प्रोग्राम बाकी सगळी कामं करतो त्यालाच सांगायचं, कामातून वेळ काढून दिवाही लाव आणि विझव. दुसरा म्हणजे दिव्यासाठी वेगळी, आठ पायांची छोटी चिप लावून टाकायची, तिला जगातलं दुसरं काही कळत नाही, ती फक्त लुकलुकवते. पहिलं सॉफ्टवेअरचं काम, दुसरं हार्डवेअरचं. माझा बोर्ड पहिल्या पद्धतीचा होता. प्रोग्राम सेन्सरशी बोलायला गेला, रिले हलवायला गेला की दिव्याकडे त्याचं लक्ष राहत नसे, आणि दिवा अडखळायचा. लुक, लुक, लुक, मग एकदम थांबायचा, मी घाबरेपर्यंत थांबायचा, आणि पुन्हा सुरू. प्रोग्राम त्याहून चांगला लिहिता आला असता, पण गावात कॉम्प्युटर नव्हता आणि चिप पुन्हा भरायला गोंदियाला कॉलेजात जावं लागलं असतं.

आई पेटीसमोर पाट टाकून बसायची. तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, कोचईची, म्हणजे अळूची, पानं चिरणं, सगळं तिथेच. आणि दर थोड्या वेळानं हाक. "कुंदे, दिवा थांबला वो!" मी बांधीतून धावत यायची तोवर तो सुरू झालेला. "कुंदे, आताही थांबला होता!" मी न्हाणीतून ओल्या केसांनी यायची. बाया संध्याकाळी आपापली अंडी बघायला यायच्या, दिव्याकडे बघून हसायच्या. शेवंताकाकी म्हणाली, "याले उचकी लागली का वो? पाणी पाज." सगळ्या खो खो हसल्या. काकीच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, पण मला ते लागलं. तीन वर्षं बापानं ठेल्यावर उभं राहून शिकवलं, एक विषय गेला, आता दिवासुद्धा सरळ लुकलुकवता येत नाही. त्या आठ दिवसांत मी धड झोपले नाही, धड जेवले नाही, आईवर दोनदा ओरडले. ती फक्त हाक मारायची, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं.

नवव्या दिवशी मी पहिली गाडी धरून गोंदियाला गेले. बाजारात एक गुप्ताजी होते, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, कॉलेजातली आम्ही पोरं सुटे भाग त्यांच्याकडूनच घ्यायचो. मी त्यांना अडखळणाऱ्या दिव्याचं सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बिटिया, इतनीसी बत्ती के लिए प्रोग्राम को काहे परेशान करती हो? बत्ती का काम बत्ती को दे दो." त्यांनी आठ पायांची चिप, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुडीत बांधून दिला. गुप्ताजींचा यात काही दोष नाही हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. त्यांना मी विचारलं होतं की दिवा सरळ कसा लुकलुकेल, आणि त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं. आईला तो दिवा कशासाठी हवा आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला स्वतःलाही तेव्हा ते कुठे उमगलं होतं? मला आईच्या हाका बंद करायच्या होत्या. मला सुटायचं होतं.

घरी येऊन दिव्याची तार प्रोग्रामच्या चिपवरून काढली आणि नव्या चिपला जोडली. काय सुंदर लुकलुकायला लागला तो! एकसारखा, तालात, जरासुद्धा चूक नाही. आईचा जीव भांड्यात पडला. "आता कसा शहाण्यासारखा करून राहिला," ती म्हणाली. बाया आल्या, बघून गेल्या, कोणी हसलं नाही. घरात शांतता झाली. मी त्या आठवड्यात झोपले, खाल्लं, आईसोबत मागच्या बांधीत लाखोळीचं कडधान्य पेरलं. अठराव्या दिवशी आईनं शेवटचं एकेक अंडं पापणीला लावलं. मग मी झाकण बंद केलं आणि सांगितलं की आता शेवटचे तीन दिवस झाकण अजिबात उघडायचं नाही, आतली दमट हवा गेली तर पिल्लं कवचातच चिकटतात. हे खरंच होतं, पुस्तकात होतं. "अन् ऊब पाहाची असन तं?" तिनं विचारलं. "दिवा आहे ना," मी म्हणाले. "दिव्यावर विश्वास ठेव. हात लावायचा नाही, उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. निकाल लागला होता, आणि नागपूरच्या कारखान्याचे लोक कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होते. मी दहा मिनिटांत तयार होऊन निघाले. मुलाखत दुसऱ्या दिवशी ढकलली म्हणून गोंदियालाच मावशीकडे राहिले. पास झाले होते, नोकरी मिळाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला घाई नव्हती. अजून संध्याकाळ झालेली नव्हती. घरात शिरले तर आई पाटावर बसून दिव्याकडे बघत होती. दिवा एकसारखा लुकलुकत होता.

"पास झाले," मी म्हणाले. "नोकरीही लागली." आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचे हात ओले होते, डोळेही. मग म्हणाली, "कुंदे, तो टक्-टक् कालपासून ऐकू नाही येत. तुवा काही बदललं का?" मी पेटीवर हात ठेवला. थर्माकोल गार होता. झाकण काढलं, आत अंधार, बल्ब बंद. हिवाळ्यातल्या सकाळी मातीच्या माठाला लागतो तसा अंड्यांचा गारवा हाताला लागला. एका अंड्याला बारीक भोक पडलेलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक बाहेर आलेलं. ते हलत नव्हतं. त्या अंड्यावर फुली होती.

काय झालं ते मला पाच मिनिटांत कळलं. आदल्या दिवशी पटलेकाकांचा हलर सुरू झाला, व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त पडलं आणि प्रोग्राम जागच्या जागी अडकला, बल्ब बंद असतानाच. दिवा जुन्या तारेवर असता तर त्याच क्षणी तोही थांबला असता आणि आईनं आकांत केला असता. पण त्याला आता प्रोग्रामशी देणंघेणं नव्हतं. मेलेल्या पेटीवर तो आनंदानं लुकलुकत राहिला. आणखी एक गोष्ट मला फार दिवस छळत राहिली. लाइट एकदा जाऊन आली असती तरी प्रोग्राम पहिल्यापासून सुरू झाला असता. आमच्याकडे रोज दोनदा लाइट जायची. पण त्या दोन दिवसांत सडक अर्जुनीला कोणा मोठ्या माणसाचा कार्यक्रम होता, आणि लाइट मिनिटभरही गेली नाही. आई म्हणाली, "मी तुह्या बाबाले म्हणलं, बरं झालं लाइट नाही गेली."

"तुला टक्-टक् ऐकू येत नव्हतं, तर हात का नाही लावला?" मी ओरडले. खरंच ओरडले. आईनं माझ्याकडे बघितलं. "दोनदा लावाले गेलतो," ती म्हणाली. "मंग आठवलं, तू नाही म्हणलं होतं. तू शिकलेली आहे ना वो." ते वाक्य तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं.

मी बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला, पेटी हळूहळू तापली, रिलेची टक्-टक् परत आली. आई म्हणाली, अजून दोनतीन दिवस बघू, सगळीच गेली असतील असं नाही. त्या तीन दिवसांत बाया विचारायला आल्या आणि आईनं दारात उभं राहून प्रत्येकीला सांगितलं, "माह्यानं चूक झाली. झाडू मारता मारता बटन बंद झालं अन् माह्या ध्यानातच नाही राह्यलं." मी आतल्या खोलीत होते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. टिकलीवाली बाई म्हणाली, "वय झालं आता तुवं, काय करशीन." हळदीवाली दारातूनच परत फिरली. मी बाहेर आले नाही. नोकरीचा कागद ट्रंकेत होता, एक तारीख आठ दिवसांवर होती, आणि मी मूग गिळून भात खाल्ला. बाया गेल्यावर मी आईला विचारलं, "काऊन सांगितलं खोटं?" ती भाताची पेज ओतत होती. "तुले शिकाले पाठवलं तवा ह्याच साऱ्या जणी हसल्या होत्या," ती म्हणाली. "पुन्हा कायले हसू देऊ?"

आज मी नागपुरात शीतगृहांची कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. नवी मुलं येतात, हुशार असतात. दर वर्षी एखादा म्हणतो, "मॅडम, हा स्टेटस दिवा टायमरला देऊन टाकू ना, चिपमध्येच टायमर आहे, एकदम स्मूथ लुकलुकेल, प्रोग्रामवर भार नाही." मी सांगते, सजावटीचा दिवा असेल तर खुशाल दे. लग्नाच्या मांडवातली झालर असेल तर हार्डवेअरसारखं काही नाही. पण जो दिवा बघून कोणीतरी निर्धास्त बसणार आहे, तो प्रोग्रामच्याच हातात राहू दे. प्रोग्राम अडखळला तर दिव्याला अडखळू दे, मेला तर मरू दे. मुलं मान डोलावतात. काहींना वाटतं बाई जुन्या वळणाच्या आहेत. मी त्यांना अंड्यांचं कधी सांगितलेलं नाही.

तेविसाव्या दिवशी दोन पिल्लं निघाली. त्रेचाळिसातली दोन, आणि दोन्ही बिनखुणेच्या अंड्यांतली, म्हणजे आमची. बाकीची अंडी आईनं एकेक करून कानाशी नेली, पापणीला लावली आणि टोपलीत ठेवली. फुलीवाली नऊ तिनं शेवटी पाहिली. मग ती चुलीपाशी गेली, एक विझलेला कोळसा घेतला आणि त्या दोन पिल्लांच्या फुटक्या कवचांवर फुली काढली. मी बघत होते. तिला माहीत होतं मी बघते आहे. तीस-चाळीस वर्षं जी बाई कोणत्या अंड्यातून काय निघालं हे खरं सांगत आली, ती कवच बोटानं फिरवून फिरवून नीट फुली काढत होती. पिल्लं पदरात, कवचं मुठीत घेऊन ती निघाली. "चाल," म्हणाली. मी मागून गेले.

शेवंताकाकी ओसरीवर धान पाखडत होती. आईनं पिल्लं तिच्या सुपात ठेवली आणि कवचं बाजूला. "नऊपैकी दोनच निंगाले," आई म्हणाली. "बाकीच्याईची माफी दे." काकीनं सूप खाली ठेवलं. एक पिल्लू उचललं, अंगठ्यानं त्याची मान वर केली. उघड्या मानेचं पिल्लू जन्मतःच ओळखू येतं, मान सोललेल्यासारखी दिसते. या पिल्लाच्या मानेवर दाट पिवळी लव होती. तिनं दुसरं उचललं, त्याचीही मान बघितली. मग कवचावरची फुली बघितली, आणि मग आईकडे. आई अंगणातल्या तुळशीकडे बघत होती. काकीनं दोन्ही पिल्लं सुपात परत ठेवली. मग म्हणाली, "निंगतेत कधी कधी अशे बी. माहेच आहेत."

मला ते सहन झालं नाही. दोन बाया माझ्यासाठी खोटं बोलत होत्या आणि दोघींनाही ते जमत नव्हतं. "तुझी नाहीत, काकी," मी म्हणाले. आईनं माझा हात धरला, मी सोडवून घेतला. मी सगळं सांगितलं. उचकी लागणारा दिवा खरा होता, मला लाज वाटली म्हणून मी तो बदलला, नवा दिवा पेटी मेली तरी लुकलुकत राहतो, पेटी दीड दिवस गार होती आणि आई दिव्याकडे बघत बसली होती. बटन कोणी बंद केलं नव्हतं. बोलता बोलता मी रडायला लागले, पण थांबले नाही.

काकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुह्या मायले हात लावाचा होता?"

"हो."

"अन् तू नाही म्हणलं?"

"हो."

तिनं दोन्ही पिल्लं उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "माही नाहीत तं मले नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माया तर नव्हतीच. मग तिनं पाट सरकवला आणि आईला म्हणाली, "तू काऊन उभी आहे? बस. चाय ठेवतो." आई बसली. मला कोणी बस म्हटलं नाही. मी पिल्लं घेऊन एकटी घरी आले, आणि पटलेकाकांच्या हलरच्या आवाजात दिव्याची तार कापून पुन्हा प्रोग्रामच्या चिपवर जोडली. सोल्डर दोनदा चुकला. संध्याकाळी आई आली तेव्हा पेटी रिकामी होती आणि दिवा अडखळत लुकलुकत होता. तिनं एकदा बघितलं आणि विचारलं, पिल्लांना कणी टाकली का.

एक तारखेला मी नागपूरला गेले. आईनं त्या पेटीवर पुढे कितीतरी वर्षं पिल्लं काढली, दिवा बघून आणि हात लावून, आणि बायांनी तिच्याकडे अंडी देणं थांबवलं नाही. बायांना खरं कळल्यावर आईला कोणी काही बोललं नाही, आणि मलाही तोंडावर कोणी हसलं नाही. शेवंताकाकीनं मात्र पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. आई तिला दर वर्षी पिल्लं द्यायला जायची, ती चहा करायची आणि पिल्लं परत पाठवायची. माझ्या लग्नात काकीनं मला जवळ घेतलं, लुगडं दिलं, गालावरून बोटं मोडली. त्या दोन पिल्लांचं किंवा त्या दिव्याचं ती माझ्याशी कधीच बोलली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती गेली तेव्हा मी वेळेत पोचू शकले नाही.

अजून वर्षातून दोनतीनदा गावी जाते. हायवे सोडून गाडी आत वळली की रस्त्यावर, अंगणांत, उकिरड्यांवर कोंबड्या दिसायला लागतात, आणि मी काच खाली करून त्यांच्या माना बघते. सगळ्या झाकलेल्या असतात.